विरळ अक्षरें आणि त्यांचे शब्द



इंग्रजी कोशांत क्यू आणि झेड ह्या अक्षरांचीं पानें थोडकीं. तरी त्यांच्या आश्रयास शेंकडों शब्द आहेत. आपल्या वर्णमालेंत मात्र असेंहि एक अक्षर आहे कीं, ज्याचा सारा संसार एकाच धातूवर चालतो. तें अक्षर ऌ. कॢप् म्हणजे जुळणें, योग्य होणें. त्यापासून कॢप्ति, अर्थात् युक्ति. कल्पना, संकल्प, विकल्प हीं त्याच घरचीं भावंडें. पण त्यांनीं ऌ टाकून अल् धारण केला आणि तीं घरोघर नांदूं लागलीं. दीर्घ ॡ मुलें घोकीत आलीं खरीं, परंतु त्याचा शब्द कोणी मागूं नये!

ऱ हा आपल्या घरचा. तऱ्हा, गुऱ्हाळ, सुऱ्या असा तो ह आणि य ह्यांच्या संगतींत राहतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांतील खोल जागा. मात्रा मोजतांना पहिल्यांतील द गुरु, दुसऱ्यांतील लघु. आचार्यांस दक्षिणा द्यावी, आचाऱ्यांस शिधा. रफार चढला कीं स्वयंपाकी एकदम पीठावर बसतो!

खरी चिंता ङची आहे. गंगा, शंख ह्यांत त्याचें काम अनुस्वार करतो, कारण अनुस्वाराचा उच्चार पुढील अक्षराच्या वर्गांतील अनुनासिकासारखा होतो. पुढें म किंवा न आला कीं ही सोय संपते. वाच् आणि मय मिळून वाङ्मय, म्हणजे वाणीनें घडलेलें. तेथें अनुस्वार द्याल तर ‘वाम्मय’ ऐकूं येईल. पराङ्मुख म्हणजे तोंड फिरविलेला, दिङ्मूढ म्हणजे दिशा न कळून भांबावलेला. वाङ्निश्चय तर लग्नघरचाच शब्द: वाणीनें, वचन देऊन केलेला निश्चय.

आतां लग्नसराईंत आपल्या पुण्याच्या पेठांतून फिरणाऱ्या निमंत्रणपत्रिका पाहा. ङचें टिंब गळतें आणि ‘वाड्निश्चय’ छापला जातो. हा वाड् कोण, असें वधूपित्यास विचारावें तर तो बिचारा दिङ्मूढ! ग्रंथांच्या मुखपृष्ठांवरहि ‘वाड्मय’ आढळतें, तेव्हां तर हंसूंहि येत नाहीं. ज्या शब्दानें आपण आपली सारी ग्रंथसंपदा ओळखतों, तोच मोडका! छत्तीस वर्षें मी तें टिंब फळ्यावर ठळक काढीत आलों. खिळे जुळविण्याच्या काळीं टिंब झिजलें, तुटलें असें म्हणतां येई. आतां संगणकाच्या कळफलकावर ङला स्वतःची जागा आहे. तरी बोट ओळखीच्या डकडेच वळतें.

ज्यांच्या घरीं यंदा वाङ्निश्चय असेल, त्यांनीं पत्रिकेचें कच्चें मुद्रित एकदां स्वतः तपासावें.