तापणारी इंजिनं
खोपोलीहून बोरघाट चढता चढता गाडी तापली, की बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी ओतायचं, हे आपल्या कर्जत-खालापूरकडच्या श्रोत्यांना वेगळं सांगायला नको. पहिल्यावहिल्या विमानांचंही दुखणं हेच! अमेरिकेतल्या ग्लेन कर्टिस यांचा धंदा मूळचा सायकलींचा, मग इंजिनांचा. त्यांची सुरुवातीची इंजिनं हवेवर थंड होत, पण लवकर तापत. मग त्यांनी सिलिंडरभोवती पाणी खेळवलं आणि १९०९ साली फ्रान्समध्ये रीम्सची विमानांची शर्यत जिंकली. पुढचं 'ओएक्स-५' आठ सिलिंडरचं, ९० अश्वशक्तीचं. ठिणगी देणारा मॅग्नेटो मात्र एकच. तो रुसला, की वैमानिकानं खाली मोकळं शेत शोधायचं. तरी पहिल्या महायुद्धात हजारो जण याच इंजिनाच्या 'जेनी' विमानांवर उडायला शिकले. युद्ध संपल्यावर ही विमानं स्वस्तात विकली गेली, आणि गावोगावी हवाई कसरती रंगल्या.