आधी वाटीत, मग शेतात

आज आपण बियाण्याविषयी बोलू. गोष्ट आपल्या घरातलीच आहे.

भात कापून झाले की कुणग्यात थोडी ओल उरते. त्या ओलीवर आपण चवळी पेरतो, वाल पेरतो. पण ही ओल चार दिवसांची पाहुणी. बी लवकर उगवले तर मूळ ओलीच्या मागोमाग खाली जाते. उशीर झाला तर वरची माती सुकते आणि बी तिथेच मरते. बी गेले, मेहनत गेली, हंगामही गेला. पुन्हा पेरायला ओल कुठून आणायची?

म्हणून आधी बी उगवते कसे ते बघा. कोरडे बी झोपलेले असते. ते पहिल्यांदा पाणी पिते, फुगते, मग जागे होते. त्यानंतर कोंब येतो. हे पाणी पिण्याचे काम मातीत सावकाश चालते. तेच काम आपण घरी, भांड्यात उरकून घेतले तर? चवळी किंवा हरभरा सात-आठ तास पाण्यात भिजवावा. मग पाणी काढून टाकावे. बी सावलीत पसरून वरवर सुकवावे आणि त्याच दिवशी ओलीवर पेरावे. भिजलेले बी लवकर उगवते. खर्च काहीच नाही.

आता शेवाळाकडे येऊ. पावसाळा सरला की आपल्या किनाऱ्यावर तपकिरी शेवाळ वाहून येते. त्याला फुग्यांसारख्या बारीक गाठी असतात. शास्त्रात त्याला सारगासम म्हणतात. अशा शेवाळात पालाश असते, आणि झाडाची वाढ करणारी द्रव्ये अगदी थोड्या प्रमाणात असतात. त्याच्या पातळ अर्कात बी भिजवले तर रोप जोमदार येऊ शकते.

अर्क असा करावा. वाहून आलेलेच शेवाळ घ्यावे, खडकावरचे खरवडू नये. तिथे मासळीची पिल्ले आसरा घेतात. शेवाळ गोड्या पाण्यात तीन-चार वेळा धुवावे, म्हणजे मीठ व वाळू जाते. ते बारीक चिरावे. १ किलो शेवाळाला १ लिटर पाणी घालून तासभर उकळावे. निवले की फडक्याने गाळावे. या अर्काचा १ भाग आणि साधे पाणी ४ भाग असे मिसळावे.

इथे आमची चूक सांगतो. पहिल्या वर्षी आम्हाला वाटले, थोड्याने थोडा गुण, तर जास्तीने जास्त. आम्ही पाणी घातलेच नाही. बी निव्वळ अर्कात ठेवले आणि पेरले. आठ दिवस वाफ्याकडे बघत बसलो. कोंब कुठे एक, कुठे दोन. दोष शेवाळाचा नव्हता, आमच्या हावेचा होता. दाट अर्कात क्षार जास्त असतात, त्यामुळे बियाला पाणी ओढता येत नाही. तामिळनाडूत चवळीवर असा प्रयोग झाला, तो २००६ साली छापून आला. त्यातही पातळ अर्काने गुण दिला, दाट अर्काने रोप खुंटले.

एक काकी विचारतात, "मग बाजारची बाटली घेऊच नये काय?"

घ्यावी, पण वाचून घ्यावी. २०२१ सालापासून असे अर्क सरकारच्या खत नियंत्रण आदेशाखाली आले आहेत. बाटलीवर काय लिहिले आहे, पाणी किती घालायचे, तारीख कोणती, हे आता आपल्याला वाचता येते. मग दुकानदाराच्या तोंडाकडे कशाला बघायचे?

आणि बाटली असो की घरचा अर्क असो, आधी पारख करावी. पेरणीच्या पंधरा दिवस आधी तीन वाट्या घ्या. प्रत्येकीत १०० दाणे मोजून घाला. पहिली वाटी कोरडी ठेवा. दुसरीत साधे पाणी घाला. तिसरीत पातळ अर्क. आठ तासांनी दाणे काढून ओल्या गोणपाटाच्या तीन तुकड्यांत वेगवेगळे गुंडाळा. वर १, २, ३ अशा चिठ्ठ्या लावा. गोणपाट सुकू देऊ नका. पाचव्या दिवशी आणि आठव्या दिवशी कोंब मोजा. आकडे वहीत लिहा.

पहिल्या गोणपाटात कोंब ७५ हून कमी आले, तर बीच कमजोर आहे. प्रमाणित चवळीला शेकडा ७५ उगवण लागते. बी बदला. मेलेले बी कोणताही अर्क उठवत नाही. दुसरा आणि तिसरा आकडा सारखा आला, तर साधे पाणी पुरे, पैसे वाचले. तिसऱ्यात कोंब जास्त आले आणि जोमदार दिसले, तर अर्क वापरा.

एक सावधगिरी. विषारी औषध लावलेले बी घरच्या भांड्यात भिजवू नये, खाऊही नये.

मंडळी, पेरावे तसे उगवते, हे आपण ऐकत आलो. आता मोजून पेरू, लिहून ठेवू. वहीतले ते तीन आकडे आपले स्वतःचे. ते कुणी आपल्याला फसवून सांगू शकत नाही.