एअर पिस्तूल नेमबाजी : अचूकता कशी साधावी?

(क्रीडाशिक्षक, शासकीय अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



२८ जुलै २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकर हिने दहा मीटर एअर पिस्तूल प्रकारात कांस्यपदक मिळविले. अंतिम फेरीत बावीस छर्‍यांनंतर तिचे २२१.७ गुण झाले होते आणि रौप्यपदकाच्या शर्यतीतून ती केवळ ०.१ गुणाने बाहेर पडली. हा दशांश गुण म्हणजे लक्ष्यपत्रावर सुमारे ०.८ मिलिमीटर अंतर होय. त्यानंतर चारच दिवसांनी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने रायफल प्रकारात कांस्यपदक पटकावले. अशा यशानंतर गावोगावची मुले ‘आम्हालाही नेमबाजी शिकवा’ असा आग्रह धरतात, हे स्वाभाविकच आहे. परंतु ही मागणी पुढे आली की पहिली चर्चा पिस्तुलाच्या किमतीची होते आणि नेम कशाने लागतो व कशाने चुकतो, हा मूळ प्रश्न मागे पडतो. आज त्या प्रश्नाचाच विचार आपण करू.

या खेळाची मोजमापे प्रथम पाहू. खेळाडू लक्ष्यापासून दहा मीटरवर उभा राहतो आणि एकाच हाताने पिस्तूल धरतो. छर्‍याचा व्यास साडेचार मिलिमीटर असतो. लक्ष्यपत्रावरील काळे वर्तुळ ५९.५ मिलिमीटर व्यासाचे असते, तर दहा गुणांचे वर्तुळ अवघे साडेअकरा मिलिमीटरचे, म्हणजे सदर्‍याच्या गुंडीएवढे असते. पिस्तुलाचे वजन दीड किलोपेक्षा अधिक असू नये आणि चापावर निदान ५०० ग्रॅम भार आल्याखेरीज तो सुटू नये, असे नियम आहेत. स्पर्धेत साठ छर्‍यांसाठी पंचाहत्तर मिनिटे मिळतात, म्हणजे प्रत्येक छर्‍याला सव्वा मिनिट. घाई करण्याचे काहीच कारण नसते.

हात स्थिर राहिला की नेम लागतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. कोणाही माणसाचा लांबविलेला हात पूर्णपणे स्थिर राहत नाही; ऑलिंपिक विजेत्याचाही नाही. पिस्तुलाच्या मागील बाजूस एक खाच असते आणि नळीच्या टोकाशी पुढची साइट असते. या दोहोंमधील अंतर साधारणपणे ३४ सेंटिमीटर धरू. आता समजा, खाच व पुढची साइट यांचे परस्परांशी असलेले नाते बिघडू न देता सबंध हातच पाच मिलिमीटर बाजूला सरकला. छर्राही लक्ष्यावर पाचच मिलिमीटर सरकेल आणि दहा गुण मिळतील. परंतु हात जागेवर राहून पुढची साइट खाचेच्या मध्यापासून केवळ एक मिलिमीटर ढळली, तर दहा मीटरवर ती चूक सुमारे एकोणतीस पट होते. छर्रा केंद्रापासून जवळजवळ तीन सेंटिमीटर दूर जातो आणि पदरात सातच गुण पडतात.

या हिशेबातून अचूकतेचा पहिला नियम निघतो : दृष्टी लक्ष्यावर रोखू नये, पुढच्या साइटवर रोखावी. मानवी डोळ्याला जवळची व दूरची वस्तू एकाच वेळी स्पष्ट दिसत नाही. तेव्हा साइट रेखीव दिसावी, ती खाचेत मधोमध असावी, दोन्ही बाजूंना सारखा प्रकाश राहावा आणि दोहोंचे माथे एका रेषेत यावेत. काळे वर्तुळ अंधुक दिसले तरी चालेल. किंबहुना ते तसेच दिसले पाहिजे. नेम काळ्या वर्तुळाच्या मध्यावर न धरता त्याच्या खालील पांढर्‍या भागात धरण्याची पद्धत आहे, ती याचसाठी. काळ्यावर काळी साइट ठेवली तर तिची कड दिसत नाही.

दुसरा नियम उभे राहण्याचा. पाय खांद्यांच्या रुंदीइतके फाकवून, लक्ष्याकडे बाजू करून उभे राहावे. मोकळा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवावा. मग डोळे मिटून हात उचलावा आणि डोळे उघडून पिस्तूल कोठे रोखले गेले आहे ते पाहावे. ते लक्ष्याच्या उजवीकडे वा डावीकडे असेल, तर मनगट वळवून दुरुस्ती करू नये. मागचे पाऊल थोडे सरकवून सारे शरीरच फिरवावे. ओढून आणलेला हात चाप सुटताच आपल्या मूळ जागी जाऊ पाहतो.

तिसरा नियम चापाचा. आणि बहुतेक गुण येथेच हरवतात. पिस्तूल एक किलोचे धरले, तर चापावरील भार त्याच्या निम्मा असतो. एवढा जोर किंचित तिरपा लागला तरी पुढची साइट हलणारच. म्हणून श्वास घेत हात लक्ष्याच्या वर न्यावा, श्वास सोडत सावकाश खाली आणावा आणि साइट नेमाच्या जागी स्थिरावू लागली की चापावरचा भार सरळ मागे, हळूहळू वाढवीत जावा. ‘आता बरोबर दिसले, दाब!’ असे म्हणून झटका देणार्‍या उजव्या हाताच्या मुलाचा छर्रा बहुधा खाली डावीकडे जातो. सहा ते आठ सेकंदांत चाप सुटला नाही, तर हात खाली घ्यावा, विसावा द्यावा आणि नव्याने सुरुवात करावी. हात खाली घेणार्‍या मुलाला शिक्षकांनी शाबासकी द्यावी, कारण न मारलेला वाईट छर्रा हीसुद्धा कमाईच आहे. चाप सुटल्यावरही एक-दोन सेकंद दृष्टी साइटवरच ठेवावी.

मित्रहो, या तिन्ही गोष्टींचा पुष्कळसा सराव छर्‍याविना होऊ शकतो, हे आपल्या शाळांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. कोरा चाप ओढण्याची सोय असलेल्या पिस्तुलाने पांढर्‍या भिंतीसमोर रोज वीस मिनिटे सराव करावा. समोर लक्ष्यच नसल्याने डोळा आपोआप साइटवर राहतो आणि तिचा हलकासा धक्काही ध्यानात येतो. हाताच्या ताकदीसाठी पाण्याची बाटली पुरे. लहान मुलांना ती अर्धीच भरून द्यावी.

प्रत्यक्ष छर्रे मारताना प्रत्येक मुलाजवळ वही असावी. लक्ष्याकडे पाहण्यापूर्वी छर्रा कोठे लागला असेल ते त्याने वहीत मांडावे आणि मग पडताळावे. अंदाज जुळू लागला की आपली चूक मुलाला स्वतःलाच दिसते. आरंभी गुण मोजूच नयेत, पुंजका पाहावा. पाच छर्रे एका कोपर्‍यात पण एकमेकांलगत बसले, तर तो मुलगा योग्य मार्गावर आहे. साइट फिरवून पुंजका मध्यावर आणणे मिनिटाभराचे काम. पाच छर्रे चोहीकडे विखुरले आणि त्यांतला एक दहावर लागला, तर तो योगायोग समजावा. एका छर्‍यावरून साइट कधीही फिरवू नये.

आता पंचायत सदस्यांसाठी दोन शब्द. छर्रा लहान असला तरी तो डोळा कायमचा घालवू शकतो. म्हणून जागा बंदिस्त असावी, लक्ष्यामागे छर्रे अडविणारी पोलादी पेटी असावी आणि नेमाच्या रेषेपुढे एकही दार वा खिडकी उघडी नसावी. पिस्तुलाचे तोंड सदैव लक्ष्याकडे, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर आणि शिक्षकांच्या आज्ञेवाचून कोणी रेषेपुढे जायचे नाही, हे नियम भिंतीवर ठळक लिहावेत. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा सरावानंतर हात साबणाने धुतल्याखेरीज मुलांनी काही खाऊ नये. पिस्तूल कुलपात राहावे, त्याची नोंदवही ठेवावी आणि खरेदीपूर्वी प्रचलित शस्त्रनियमांची पोलिस ठाण्यात चौकशी करावी. एवढी व्यवस्था होत नसेल, तर केंद्र सुरू न करणेच शहाणपणाचे.

यंत्राची निगाही खेळाचाच भाग आहे. २०२१ साली टोकियोत पात्रता फेरी चालू असताना मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला आणि मोलाची मिनिटे गेली. ती अंतिम फेरीत पोहोचू शकली नाही. तीच खेळाडू तीन वर्षांनी पॅरिसमध्ये पदकाच्या मंचावर उभी राहिली.

प्रत्येक मूल पदक आणील, असे आश्वासन कोणी देऊ नये. परंतु श्वास आवरणे, मनाजोगते दिसले नाही तर हात खाली घेणे आणि आपली चूक आपल्याच हाताने वहीत लिहिणे या सवयी ज्याला लागल्या, त्याचा नेम सुधारतोच. आणि त्या सवयी वर्गातही त्याच्या उपयोगी पडतात. आपल्या शाळेत एक सुरक्षित खोली, एक जाणता शिक्षक आणि काही वह्या यांपासून आरंभ करावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.