वीज गेली तरी पाणी सांडू नये

आमच्या गटासारखे समुद्रातले शोभेचे मासे पाळत असाल, तर आज पाइपांची जागा समजून घेऊ.

वरच्या टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोतून खालच्या टाकीत उतरतं, तिथे गाळलं जातं आणि मोटर ते परत वर चढवते. ओव्हरफ्लो पाण्याच्या पृष्ठभागाशीच हवा, कारण तेलकट साय तिथेच जमते. परतीचा पाइप समोरच्या टोकाला ठेवावा, म्हणजे पाणी टाकीभर फिरतं.

खरा घात वीज गेल्यावर होतो. परतीच्या पाइपातून पाणी उलटं खाली उतरू लागतं, ते त्याचं तोंड उघडं पडेपर्यंत थांबत नाही. 90 बाय 45 सेंटिमीटरच्या टाकीत एका सेंटिमीटरला 4 लिटर; तोंड 20 सेंटिमीटर खोल असेल तर 80 लिटर! खारं पाणी थेट विजेच्या बोर्डापर्यंत जातं.

म्हणून तोंड पाण्याखाली 2-3 सेंटिमीटरच ठेवा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नका. शेवाळ अडकलं की तो नीट मिटत नाही. मासे सोडण्याआधी मोटर बंद करून पाहा. खालची टाकी चार बोटं तरी रिकामी राहिली पाहिजे. मग मोटर चालू करून खालच्या पाण्याच्या पातळीला खूण करा, आणि त्यावर कधी भरू नका.

पावसाळ्यात वीज जाणारच. तयारी आपल्या हातात आहे.