वजनकाट्यावरचा कुमार गट आणि दिल्लीतलं धोरण

आजचा विषय जरा सरकारी वाटेल, म्हणून सुरुवात वजनकाट्यापासून करतो.

मी कुमार गटात कबड्डी खेळायचो तेव्हाची गोष्ट. तेव्हा कुमार गट म्हणजे वय वीसच्या आत आणि वजन ७० किलोच्या आत. निवड चाचणीच्या आदल्या दिवशी माझं वजन भरलं साडेएकाहत्तर. घाटकोपरला मैदानाला लागून आमच्या मंडळाची खोली होती. तिथल्या मोठ्या पोरांनी उपाय सांगितला: पाणी बंद कर, दोन टी-शर्टवर विंडचीटर चढव आणि पळ. पळालो. रात्रभर थुंकत बसलो, तेवढंच शंभर-दोनशे ग्रॅम जाईल म्हणून. सकाळी काटा सत्तरच्या खाली! सगळ्यांनी पाठ थोपटली. दुपारी दुसऱ्याच चढाईत दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले आणि मला उचलून बाहेर आणावं लागलं.

कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं हो. त्यांना त्यांच्या मोठ्यांनी हेच शिकवलं होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाट ५० किलो गटाच्या फायनलआधी फक्त १०० ग्रॅमनं बाद झाली, तेव्हा सगळा देश 'वेट कट' हा शब्द शिकला. आपल्या मंडळांत तो प्रकार आधीपासून चालू होता, फक्त तिच्यासोबत डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ होते, आमच्यासोबत विंडचीटर होता.

तर प्रश्न असा. 'खेळातून आरोग्य' असं देशाचं धोरण म्हणतं. ते धोरण त्या खोलीपर्यंत येतं का? मी गेले काही दिवस हे कागद घेऊन बसलोय.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्या राज्यघटनेत खेळ हा राज्यांचा विषय आहे आणि सार्वजनिक आरोग्यसुद्धा. म्हणजे दिल्ली धोरण लिहिते, योजना काढते, पैसे देते. पण मंडळाशी रोजचा संबंध येतो तो जिल्हा क्रीडा अधिकारी आणि महापालिकेशी. मैदान पालिकेचं, लाइट पालिकेची, पाणी तुंबलं तर तक्रारही पालिकेकडेच.

आता फिट इंडिया. २९ ऑगस्ट २०१९, राष्ट्रीय क्रीडा दिन, त्या दिवशी ही मोहीम सुरू झाली. 'फिटनेस का डोस, आधा घंटा रोज' ही घोषणा तुम्ही ऐकलीच असेल. सायकल रॅली, शाळांना सर्टिफिकेट, अ‍ॅप, वयोगटानुसार व्यायामाचे नियम, हे सगळं त्यातलं. टिंगल करायची नाही मला. २०२२ च्या आकडेवारीनुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत, 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये ते छापून आलंय. अशा देशात अर्धा तास चाला हे सांगणंही गरजेचं आहे.

पण ही मोहीम एकेकट्या माणसाशी बोलते. तू चाल, तू पायऱ्या चढ. मंडळाशी ती थेट बोलली ती एका ठिकाणी, २०२० मध्ये, फिट इंडिया यूथ क्लबच्या कल्पनेत. त्यात अपेक्षा काय? सदस्यांनी लोकांना रोज ३० ते ६० मिनिटं व्यायामाला प्रवृत्त करायचं आणि दर तिमाहीला वस्तीसाठी एक फिटनेसचा कार्यक्रम व्हावा म्हणून प्रयत्न करायचे. चांगलं आहे. पण बघा, यात मंडळानं बाहेरच्यांना फिट करायचंय. मंडळाच्या आत पोरं उपाशी वजन उतरवतायत, दुखऱ्या गुडघ्यावर क्रेप बँडेज बांधून खेळतायत, मॅच संपल्यावर टपरीवर तंबाखू मळतायत, त्याचं काय? क्लब हीच आरोग्याची जागा आहे, असं कुणी धरलेलंच नाही.

फिनलंडमध्ये नेमकं उलटं झालं. तिथल्या संशोधकांनी विचारलं की 'आरोग्यपूरक क्लब' म्हणजे काय? मग निकष मांडले. प्रशिक्षक झोप, खाणं, दुखापत यांवर बोलतो का? क्लबच्या लिखित नियमांत आरोग्याचा उल्लेख आहे का? आणि ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यानं तर १९८७ मध्ये तंबाखूवरच्या कराच्या पैशातून एक संस्था उभी केली, व्हिकहेल्थ. सिगारेट कंपन्या खेळांना जी स्पॉन्सरशिप देत, ती जागा त्या पैशानं घेतली. आपल्याकडे २००३ च्या कायद्यानं तंबाखूच्या जाहिरातीला आणि स्पॉन्सरशिपला बंदी आहेच, पण त्या जागी मंडळाला दुसरा पैसा कुणी दिला नाही. म्हणून आपल्या स्पर्धेच्या कमानीवर बिल्डर असतो नाहीतर नगरसेवक. (कमान बघून वॉर्डात निवडणूक कधी आहे ते कळतं, असं आमच्याकडे म्हणायचे!)

पैशाचं म्हणाल, तर २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात खेलो इंडियाला १,००० कोटी होते. फिट इंडिया त्याच योजनेचा एक घटक. बाकीचे घटक म्हणजे सुविधा, स्पर्धा, अकादमी, गुणवत्ता शोध. मला वाटतं गोम इथेच आहे. योजना पदकाकडे बघते, आणि पदक न मिळणारी पोरं मंडळात शंभरातली नव्व्याण्णव असतात. राज्याची व्यायामशाळा विकास अनुदान योजनाही आहे, पण ती बांधकाम आणि साहित्यासाठी. डंबेल मिळतील, ते कसे उचलायचे हे सांगणारा माणूस नाही मिळणार.

१ जुलै २०२५ ला मंत्रिमंडळानं 'खेलो भारत नीती' मंजूर केली, २००१ च्या जुन्या धोरणाच्या जागी. त्यात 'खेळ ही लोकचळवळ' असा एक स्वतंत्र स्तंभ आहे. शाळा, कॉलेज, कामाची ठिकाणं यांच्यासाठी फिटनेस निर्देशांक काढायचंही म्हटलंय. वाचताना मी थांबलो. शाळा आहे, ऑफिस आहे. आणि संध्याकाळी सात ते नऊ पोरं जिथे असतात ती जागा?

कुणी म्हणेल, उपनगरात संकुलं आहेत की. आहेत. अंधेरीला शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल, मुलुंडला प्रियदर्शिनी, कांदिवलीला साईचं केंद्र, बोरिवलीकरांना जवळच. पण पालिकेच्या संकुलात सभासद व्हायला फी भरावी लागते आणि साईला निवड लागते. मंडळात फक्त जाऊन उभं राहावं लागतं. कोच विचारतो, 'कुठल्या चाळीतला रे तू?' झालं अ‍ॅडमिशन. अर्थात हे पोरांचं. मुलींना तेच मैदान पोरांची प्रॅक्टिस संपल्यावर मिळतं, तोवर घरून फोन येतो. हा मुद्दा मला कागदांतून कळला नाही, माझ्या बहिणीनं सुनावलाय.

मला विचाराल तर सुरुवात वजनकाट्यापासूनच करता येईल. संघटनेनं स्पर्धेच्या एक महिना आधी खेळाडूचं वजन नोंदवायचं, आणि त्यानंतर कुणी किती उतरवायचं याला मर्यादा घालायची. याला नवीन इमारत लागत नाही. अनुदानाच्या अर्जात एक ओळ वाढवा: मंडळात प्रथमोपचार शिकलेला माणूस आहे का? 'नाही' लिहिलं तर अनुदान कापू नका, आधी त्याचं ट्रेनिंग करून द्या.

परवा त्याच मैदानावर गेलो होतो. एक पोरगा ट्रॅकसूटवर रेनकोट घालून फेऱ्या मारत होता, पाऊस नव्हता. विचारलं, किती उतरवायचंय? म्हणाला, 'दादा, नऊशे ग्रॅम. उद्या सकाळपर्यंत.' मी बाटली पुढे केली. त्यानं घेतली नाही.

तुमच्या मंडळात वजनाच्या आदल्या रात्री काय करतात, ते व्हॉइस नोटवर पाठवा. नाव सांगायची गरज नाही. पुढच्या भागात ते ऐकूया, आणि एका फिजिओथेरपिस्टला घेऊन बसूया. भेटू!