मुकादमाविना बांधकाम



कामगारांची संघटना बांधण्यात माझे आयुष्य गेले. म्हणूनच तंबाखूच्या पानावर चट्टे पाडणाऱ्या विषाणूचे कवच मला मोठे बोधप्रद वाटते. त्यात सुमारे २१३० प्रथिन-रेणू असतात. सारे एकाच साच्याचे, प्रत्येकी १५८ अमिनो आम्लांचे. विषाणूच्या आरएनएची पोथी इतकी लहान, की शेकडो वेगवेगळे नमुने तीत मावणारच नाहीत. १९५५ साली फ्रेंकेल-कॉनरॅट आणि विल्यम्स यांनी प्रथिन व आरएनए वेगळे करून परीक्षानळीत पुन्हा एकत्र ठेवले. कोणी मुकादम नव्हता. तरी विषाणूच्या कांड्या बांधल्या गेल्या, आणि पानांना रोगही झाला!

आता उत्क्रांती पाहा. पोथीतले अक्षर चुकून एक अमिनो आम्ल बदलले, तर तो फरक त्या कवचात २१३० ठिकाणी उमटतो. शेजाऱ्याशी सांधा जुळला, तरच तो टिकण्याची आशा. नाही तर कवचच धड उभे राहत नाही. संघटनेतला नवा नियमही असाच प्रत्येक सभासदापाशी पारखला जातो.

मात्र या विषाणूच्या एकजुटीचे फळ काय? पिकाची नासाडी! एकजुटीने बळ येते; ते कोणाच्या हितासाठी वापरायचे, हा प्रश्न विषाणूला पडत नाही. आपल्याला तो प्रत्येक सभेत पडला पाहिजे.