कागलच्या लेकीचा न्याय



निपाणीहून कोल्हापूरच्या वाटेला लागले की वाटेत कागल लागते. त्या कागलच्या घाटग्यांची लेक, दौलतराव शिंद्यांची विधवा बायजाबाई, हिच्यासंबंधी आज दोन शब्द बोलणार आहे. सत्तालोभी बाई म्हणून इतिहासात तिची संभावना झाली. ती कितपत न्याय्य आहे?

पहिला डाग तर माहेरचा. १७९८ साली पुण्यात बाईंचे लग्न झाले आणि पिता सर्जेराव शिंद्यांचे दिवाण बनले. पैशासाठी त्यांनी पुणेकरांचे जे हाल केले, ते पुणे विसरले नाही. मात्र बापाचे पाप लेकीच्या पदरी कोणत्या न्यायाने बांधावे?

दुसरा आरोप अधिक गंभीर आहे. १८२७ साली दौलतराव निपुत्रिक वारले. बाईंनी अकरा वर्षांच्या जनकोजीस दत्तक घेतले व कारभार स्वतः पाहिला. मुलगा जाणता झाला तरी त्यांनी सूत्रे सोडली नाहीत. पतीची अखेरची इच्छा हीच होती, असे त्यांचे म्हणणे. जनकोजीची मागणी गैर होती असे मी म्हणणार नाही. परंतु सवाई माधवराव एकवीस वर्षांचे होऊन वारले, तोवर नाना फडणिसांनी कारभार सोडला होता काय? नानांच्या ठायी जी मुत्सद्देगिरी, ती बाईंच्या ठायी लोभ कशी ठरते?

१८३३ साली फौज जनकोजीकडे वळली. बाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले आणि कंपनीने विजयी पक्षास मान्यता दिली. बाई गेल्याने दरबार सावरला म्हणावे, तर तसेही घडले नाही. १८४३ साली जनकोजी निपुत्रिक वारले, दरबारात तट पडले, आणि २९ डिसेंबरला महाराजपूर व पनियार येथे शिंद्यांची फौज इंग्रजांपुढे पराभूत झाली. दुखणे एका विधवेच्या स्वभावात नव्हते, हे उघड आहे.

१८३५ साली फतेगडला फॅनी पार्क्स ही इंग्रज स्त्री बाईंना भेटली. विलायतेतही कायदा विवाहित स्त्रीला नवऱ्याची अंकित करतो, याविषयी दोघींचे बोलणे झाल्याचे तिने लिहून ठेवले आहे. परागंदा असतानाही त्या बाईंना स्त्रीच्या हक्काचा विचार सुचत होता!

बायजाबाईंना देवी करू नका. नानांना लावता तेच माप त्यांना लावा, एवढेच मागणे.